परदेशी मूळ कंपनीला रॉयल्टी, व्याज आणि मॅनेजमेंट फी : करपात्र नफा कसा आटतो आणि फटका कोणाला बसतो

ताळेबंद (धागाकर्ता)

करचोरी आणि करटाळणी यांची चर्चेत कायम सरमिसळ होते, म्हणून आधी हद्द आखून घेऊ. विक्री दडवणं, खोटी बिलं लावणं ही चोरी, आणि तिच्यासाठी शिक्षा आहे. इथे बोलायचंय ते अशा व्यवहारांबद्दल जे वहीत रीतसर नोंदलेले असतात, ज्यांच्यावर सीएची सही असते, ज्यांचा टीडीएससुद्धा भरलेला असतो. तरीही भारतात कमावलेल्या नफ्यावरचा बराचसा कर भारतात भरला जात नाही.

एक नमुना हिशेब मांडतो. आकडे मनचे आहेत, दर खरे आहेत. परदेशी कंपनीच्या भारतातल्या उपकंपनीची विक्री १,००० कोटी. घसारा ३० कोटी. मूळ कंपनीला काहीच द्यायचं नसतं तर करपूर्व नफा १२० कोटी झाला असता. २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार, त्या बेरजेवर ४ टक्के उपकर, म्हणजे २५.१७ टक्के. कर झाला ३०.२० कोटी.

आता तीन करार करा. ब्रँड आणि तंत्रज्ञानासाठी विक्रीच्या ४ टक्के रॉयल्टी, ४० कोटी. विक्रीच्या २ टक्के मॅनेजमेंट फी, २० कोटी. ग्रुपमधल्याच दुसऱ्या कंपनीकडून ३०० कोटींचं कर्ज ११ टक्क्यांनी, व्याज ३३ कोटी. एकूण ९३ कोटी खर्ची पडले. नफा उरला २७ कोटी.

व्याजावर मात्र कलम ९४बी ची मर्यादा आहे. परदेशी सहयोगी कंपनीला दिलेलं व्याज १ कोटीच्या वर गेलं की घसारा, व्याज आणि कर यांच्या आधीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज त्या वर्षी वजा मिळत नाही. इथे तो नफा ९० कोटी (१२० + ३० − ६०), त्याचे ३० टक्के २७ कोटी. ३३ पैकी ६ कोटी नामंजूर. करपात्र नफा ३३ कोटी, कर ८.३१ कोटी. हे ६ कोटी कायमचे गेले असं समजू नका, ते ८ वर्षं पुढे ओढता येतात.

बाहेर गेलेल्या ९३ कोटींवर दोन देशांमधल्या करकरारानुसार १० टक्के टीडीएस धरला तर ९.३० कोटी. सरकारला एकूण मिळाले १७.६१ कोटी. आधी ३०.२० मिळत होते. कारखाना तोच, माल तोच, कामगार तेच.

(धाग्यातली कलमं आणि आयकराचे फॉर्म १९६१ च्या कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात क्रमांक बदलले आहेत. जुने निकाल वाचताना जुनेच क्रमांक लागतात.)

रानजाई

दोन शंका. टीडीएस भरला जातो, मग "कर बुडाला" कसं म्हणायचं? आणि ब्रँडला किंमत असतेच ना? दुसऱ्याचं पेटंट वापरलं तर पैसे द्यावेच लागतील.

ताळेबंद

रानजाई, पहिली शंका १०० रुपयांवर सोडवू. तेच १०० रुपये परदेशी मालकाकडे दोन वाटांनी जाऊ शकतात. रॉयल्टी म्हणून पाठवले तर १० रुपये कापले जातात आणि विषय संपतो, कारण ती रक्कम इथे खर्च म्हणून वजा झालेली आहे. नफा म्हणून ठेवले तर आधी २५.१७ कर, उरलेल्या ७४.८३ चा लाभांश वाटला तर त्यावर आणखी १० टक्के, म्हणजे ७.४८. एकूण ३२.६५. दोन्हीत २२.६५ रुपयांचा फरक. तेवढ्यासाठीच करार लिहिले जातात.

देशी कायद्यातला रॉयल्टीवरचा दर २०२३ च्या वित्त कायद्यानं १० वरून २० टक्के केला. त्याचा परिणाम मर्यादित राहिला, कारण करकरार आणि देशी कायदा यांपैकी करदात्याला सोयीचं असेल ते लागू होतं. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, जपान यांच्याशी असलेल्या करारांत दर १० आहे. मूळ कंपनीनं तिथल्या रहिवासाचा दाखला आणि फॉर्म १०एफ दिला की झालं. लाभांशावर तर काही कंपन्या ५ टक्केच मागत होत्या, अमुक देशाला नंतर कमी दर दिला म्हणून आम्हालाही द्या, या कलमाच्या आधारे. सर्वोच्च न्यायालयानं १९ ऑक्टोबर २०२३ ला स्पष्ट केलं की स्वतंत्र अधिसूचना निघाल्याशिवाय तो दर मिळत नाही.

मॅनेजमेंट फीची वाट आणखी मोकळी आहे. अमेरिका, ब्रिटन आणि सिंगापूर यांच्याशी झालेल्या करारांत अशी अट आहे की सेवा देताना तांत्रिक ज्ञान इथल्या कंपनीच्या हाती पडलं तरच ती "तांत्रिक सेवा" ठरते. नुसता सल्ला, देखरेख, मनुष्यबळ धोरण यांत काही हाती पडत नाही, म्हणून कित्येकदा १० टक्केही कापले जात नाहीत.

दुसरी शंका रास्त आहे. खऱ्या पेटंटचे पैसे द्यायलाच हवेत. पण ब्रँडबद्दल एक प्रश्न विचारा : इथल्या टीव्हीवरच्या, होर्डिंगवरच्या जाहिरातींचा खर्च कोणाच्या वहीत आहे? बहुतेक वेळा भारतीय उपकंपनीच्या. नाव मोठं करायचा खर्च इथे, आणि ते वापरायचं भाडंही इथूनच. आयकर विभागानं हा मुद्दा धरून बराच काळ खटले लढवले. जाहिरातखर्च ठरावीक रेषेच्या वर गेला की तो मूळ कंपनीच्या फायद्याचा मानायचा ही विभागाची रीत होती. ती दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मोडीत काढली.

हिशेबनीस

ट्रान्सफर प्रायसिंगबद्दल लिहितो, कारण "कायदा आहे ना, मग हे चालतं कसं" याचं उत्तर तिथेच सापडतं.

नियम सोपा आहे : सहयोगी कंपन्यांमधला भाव दोन अनोळखी कंपन्यांमध्ये ठरला असता तोच हवा. अडचण अशी की अनोळखी जोडी सापडत नाही. मग बहुतेक जण "व्यवहारावरील निव्वळ नफा" ही पद्धत वापरतात. क्रम असा : भारतीय कंपनीचा कामकाजातला नफा विक्रीशी किंवा खर्चाशी ताडायचा, प्रोवेस किंवा कॅपिटालाइनसारख्या डेटाबेसमधून त्याच धंद्यातल्या स्वतंत्र कंपन्या शोधायच्या, चाळण्या (निवडीचे निकष) लावायच्या, उरलेल्यांची सरासरी काढायची. सहा किंवा अधिक कंपन्या उरल्या तर ३५ व्या ते ६५ व्या शतमकाच्या (पर्सेंटाइलच्या) पट्ट्यात बसलात की सुटलात. सहापेक्षा कमी असतील तर साधी सरासरी आणि ३ टक्क्यांची सूट, घाऊक व्यापारात १ टक्का.

गोची इथे होते. ही पद्धत सगळे व्यवहार एकत्र घेऊन अंतिम नफा पाहते. त्या धंद्यातल्या कंपन्यांचा नफा ६ टक्के असेल आणि आपल्या कंपनीचाही ६ टक्के असेल, तर आत ४ टक्के रॉयल्टी गेली की ७ टक्के, कोणी विचारत नाही. कार्यक्षम कारखाना खरं तर १३ टक्के कमवत असेल. जादा ७ टक्के बाहेर गेले आणि कागद निर्दोष राहिला.

याला उत्तर म्हणून अधिकारी रॉयल्टी सुटी काढतात, "फायदा काय झाला ते दाखवा" म्हणतात आणि रास्त किंमत शून्य धरतात. तेही टिकत नाही. धंद्याला कोणता खर्च गरजेचा हे ठरवणं अधिकाऱ्याचं काम नाही, त्यानं किंमत तपासावी, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ईकेएल अप्लायन्सेसच्या प्रकरणात सांगितलं. शून्य धरण्याऐवजी तुलनेचे परवाना करार शोधून २ टक्के योग्य की ४ हे मांडलं तर केस उभी राहते. ते काम किचकट आहे आणि मुदत बांधलेली असते.

शिवाय चाळण्यांवर लक्ष ठेवा. सतत तोट्यातल्या कंपन्या यादीत राहिल्या की सरासरी खाली येते, आणि मग कमी नफाही रास्त दिसतो. दरवर्षीच्या ३सीईबी अहवालात सीए व्यवहार प्रमाणित करतो, पण हा अहवाल जनतेसाठी खुला नसतो.

सांजवात

मग सामान्य वाचकाला यातलं काय बघायला मिळतं? एखादी कंपनी उचलली तर सुरुवात कुठून करायची?

टीपा_वाचा

सांजवात, बरंच काही बघता येतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट आहे. नोंदलेली नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर "व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स" मध्ये जाऊन कंपनी निवडायची. १०० रुपये भरले की तिची कागदपत्रं ठरावीक वेळेपुरती उघडतात, तेवढ्यात सगळं उतरवून घ्या. तुम्हाला हवा तो एओसी-४, म्हणजे वार्षिक हिशेबाचा फॉर्म. सप्टेंबरअखेर सभा झालेल्या कंपनीचा तो ऑक्टोबरअखेर यायला हवा.

नफा-तोटा पत्रक आधी वाचू नका. मागून सुरू करा. संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहारांची टीप शोधा, इंड एएस (भारतीय लेखा मानक) २४ नुसार ती द्यावीच लागते. तिथे रॉयल्टी, फी, व्याज, कच्च्या मालाची खरेदी, सगळं कंपनीच्या नावानिशी असतं. पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकाला त्या वर्षाच्या विक्रीनं भागा. विक्री १० टक्के वाढली आणि रॉयल्टी ३० टक्के वाढली असेल तर दर बदललाय किंवा नवा करार झालाय.

मग कराची टीप. इंड एएस १२ मध्ये एक छोटं कोष्टक असतं : करपूर्व नफा गुणिले २५.१६८ टक्के, म्हणजे अपेक्षित कर, त्याखाली फरकाची कारणं, आणि शेवटी प्रत्यक्ष कर. "करमुक्त उत्पन्न", "मागील तोट्याची वजावट", "इतर" अशा ओळी येतात. "इतर" मोठं असेल तर तिथेच थांबा आणि संभाव्य देणी, वाद यांची टीप वाचा. तिथे ट्रान्सफर प्रायसिंगच्या मागण्या दिसतात.

पण या कोष्टकाचा एक दोष कायम लक्षात असू द्या. मूळ पोस्टमधल्या कंपनीचा प्रभावी दर यात २५ च्या आसपासच किंवा जास्तही दिसेल! कारण ९३ कोटी त्याच्या आधीच वजा झालेत. त्यामुळे "आम्ही पूर्ण दरानं कर भरतो" हे विधान खरं असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठरत नाही.

नवखे लोक आणखी तीन ठिकाणी फसतात. रोखप्रवाह पत्रकातला "भरलेला कर" हा त्या वर्षाचा कर नसतो, त्यात मागचे परतावे आणि आगाऊ भरणा मिसळलेले असतात. लहान कंपन्यांना, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या आणि नक्त मूल्य २५० कोटींच्या खाली असलेल्यांना, जुनी मानकं लागू असतात आणि त्यांत कराचं कोष्टक नसतं. आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर फॉर्म ८ वर समाधान मानावं लागतं, त्यात टीपांचा हा तपशील मिळत नाही.

संचालकांच्या अहवालात परकीय चलनाची आवक-जावक असते, ती ताडून बघा. रॉयल्टीची वजाबाकी केल्यावरही जावक फार मोठी वाटली तर कच्चा माल ग्रुपकडूनच, चढ्या भावानं येतोय का हा पुढचा प्रश्न.

खंबाटकी

देशवार अहवालाचं काय? प्रत्येक देशातली विक्री, नफा, कर, माणसं हे सगळं त्यात असतं ना?

हिशेबनीस

असतं, पण आपल्यासाठी नाही. भारतात ६,४०० कोटींहून जास्त उलाढालीच्या समूहांना तो द्यावा लागतो, आणि तो फक्त कर खात्यांमध्ये फिरतो. युरोपीय संघानं ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तो जाहीर करायला लावलाय, २२ जून २०२४ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून. पण त्यातही सभासद देश आणि काळ्या यादीतले देश सुटे दाखवायचे, बाकी जग एका ओळीत. भारत त्या एका ओळीत जातो.

राधानगरी

नफा बाहेर नेण्यापेक्षा मोठी रक्कम एका दिवसात बाहेर गेली ती हच-व्होडाफोनमध्ये. धाग्यात त्याचा उल्लेख हवाच.

२००७ मध्ये हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११.१ अब्ज डॉलरना विकला गेला. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, टॉवर भारतात, ग्राहक भारतात. प्रत्यक्षात हात बदलला हा हिस्सा कंपन्यांच्या साखळीतून बाळगणाऱ्या, केमन बेटांवरच्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या कंपनीचा एक शेअर. एकच! घेणारी नेदरलँड्समधली व्होडाफोनची कंपनी, विकणारी केमनमध्ये नोंदलेली हचिसन समूहाची कंपनी. भारतातल्या एकाही शेअरची नोंद बदलली नाही. विभागानं घेणाऱ्याला धरलं, विकणाऱ्याच्या नफ्यावरचा टीडीएस तू का कापला नाहीस म्हणून.

मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१० मध्ये विभागाच्या बाजूनं कौल दिला. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो उलटवला, आणि भरून घेतलेले २,५०० कोटी ४ टक्के व्याजासह परत करायला लावले. त्याच वर्षी सरकारनं कायदा बदलला, तोही १ एप्रिल १९६२ पासून लागू असल्यासारखा. माझ्या मते तो बदल बरोबर होता. मालमत्ता इथे असेल तर कर इथेच लागला पाहिजे.

ताळेबंद

राधानगरी, तत्त्व बरोबर, पण मागच्या तारखेनं नको होतं. त्या एका गोष्टीमुळे भारतानं नैतिक बाजू हातची घालवली. व्होडाफोननं सप्टेंबर २०२० मध्ये लवाद जिंकला, याच बदलाचा फटका बसलेल्या केर्न या ब्रिटिश तेल कंपनीनं त्याच डिसेंबरात, १.२ अब्ज डॉलरच्या भरपाईसह. २०२१ च्या मध्यात पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणायचा आदेश केर्ननं मिळवला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेनं मागची मागणी रद्द केली, सुमारे ८,१०० कोटी परत गेले. २८ मे २०१२ नंतरच्या व्यवहारांना मात्र तोच नियम आजही लागू आहे : परदेशी कंपनीच्या मूल्यात भारतीय मालमत्ता किमान ५० टक्के आणि १० कोटींच्या वर असेल तर तिचा शेअर कुठेही विका, कर भारतात.

हाच कायदा पुढच्या तारखेनं आणि वीस वर्षं आधी व्हायला हवा होता. मॉरिशसबरोबरचा १९८२ चा करार होताच डोळ्यांसमोर : शेअरविक्रीच्या नफ्यावर कर फक्त मॉरिशस लावणार, आणि मॉरिशसमध्ये तसा करच नाही. ते भोक बुजायला १० मे २०१६ उजाडलं, आणि १ एप्रिल २०१७ च्या आधी घेतलेले शेअर तेव्हाही वगळले गेले.

राधानगरी

मागच्या तारखेबद्दल तुमचं म्हणणं मान्य नाही. नफा कमावणाऱ्यांनी रचना केली तीच मुळात कर चुकावा म्हणून. पण वीस वर्षांचा उशीर झाला हे कबूल.

डब्लिनकर

इकडची बाजू थोडक्यात. आयर्लंडचा दर १२.५ टक्के, पण अॅपलच्या एका कंपनीनं २०१४ मध्ये युरोपातल्या नफ्यावर प्रत्यक्षात ०.००५ टक्के भरला असं युरोपीय आयोगानं २०१६ मध्ये काढलं आणि १३ अब्ज युरो वसूल करायला सांगितलं. आयर्लंड स्वतःच ते पैसे नकोत म्हणून कोर्टात गेला. १० सप्टेंबर २०२४ ला युरोपीय न्यायालयानं अंतिम निकाल दिला, पैसे घ्यावेच लागले. नफ्याच्या नुसत्या नोंदी इथे येत असल्यामुळे आयर्लंडचं जीडीपी इतकं फुगलेलं आहे की सांख्यिकी खात्यालाच वेगळं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढावं लागतं.

आणि २०२१ मध्ये १३६ देशांनी मान्य केलेल्या १५ टक्के किमान करावर फार भिस्त ठेवू नका. २५.१७ आणि १५ मधला १० चा फरक राहतोच, म्हणजे नफा हलवायचं कारणही राहतं.

राज्यकोष

फटका कोणाला, हे शीर्षकात आहे आणि कोणी बोललं नाही.

२५.१७ पैकी केंद्र-राज्यांत वाटला जातो तो फक्त २२ चा मूळ कर. अधिभार आणि उपकर केंद्राकडेच राहतात. पंधराव्या वित्त आयोगानुसार (२०२१-२६) राज्यांना ४१ टक्के, म्हणजे १०० कोटी नफ्यामागे ९.०२ कोटी. तोच नफा रॉयल्टी झाला तर १० कोटी टीडीएसचे ४१ टक्के, ४.१० कोटी. राज्यांनी गमावले ४.९२ कोटी. त्या काळात त्यातला महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता, म्हणजे ३१ लाख. बिहारचा १०.०५८ टक्के, ४९ लाख. कारखाना चाकणला असला तरी तूट महाराष्ट्रापेक्षा बिहारला जास्त जाणवते. गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के, तिथे २ लाखांच्या आत. ही एका मध्यम कंपनीची गोष्ट झाली. आणि राज्याच्या खर्चातला पगार, निवृत्तिवेतन, व्याज हा भाग हलत नाही, त्यामुळे कात्री लागते ती औषधखरेदी, शाळाखोल्या आणि रिकाम्या पदांच्या भरतीला.

२०२२-२३ पासून वैयक्तिक आयकर कंपनीकरापेक्षा जास्त जमा होतोय. त्याचं एकमेव कारण नफा बाहेर जाणं नाही, २०१९ ची दरकपातही आहे. पण पगारदाराला स्वतःचा पगार नेदरलँड्समध्ये दाखवायची सोय नाही, हेही त्या आकड्यांमागे आहे.

सांगाडा_आणि_साचा

राज्यकोष यांच्या मुद्द्याला पुरवणी. भोसरी किंवा शिरोलीतली भागीदारी फर्म ३० टक्के अधिक उपकर असा ३१.२ टक्के कर भरते, कारण २२ टक्क्यांचा दर भागीदारी फर्मना नाही. तिचा ग्राहक असलेली बहुराष्ट्रीय उपकंपनी वरच्या हिशेबात १२० कोटींवर १७.६१ भरते, १४.७ टक्के. दोघी एकाच मशीनसाठी, एकाच वेल्डरसाठी स्पर्धा करतात. लहान फर्मच्या हातात नवं सीएनसी मशीन घ्यायला उरणारे पैसे कमी, म्हणून ती पुढच्या ऑर्डरला भाव तोडून देते.

रानजाई

यात भागधारक काही करू शकतात का?

टीपा_वाचा

रानजाई, हो. रॉयल्टी कमी होते तेव्हा छोट्या भागधारकाचाही नफा वाढतो, त्यामुळे इथे त्याचं आणि सरकारी तिजोरीचं हित एकच आहे. सेबीच्या नियमानुसार ब्रँड किंवा रॉयल्टीपोटी संबंधित पक्षाला द्यायची रक्कम वार्षिक उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली तर भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूनं मत देता येत नाही. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियानं रॉयल्टी ४.५ वरून पाच वर्षांत ५.२५ टक्के करायचा ठराव मांडला. ५७ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली, ठराव पडला. ५ च्या खालच्या दरांना ही अट नाही, आणि बहुतेक दर तिथेच थांबलेले दिसतात. २००९ च्या डिसेंबरपर्यंत रॉयल्टीवर सरकारी मर्यादा होती, देशी विक्रीवर ५ आणि निर्यातीवर ८ टक्के. ती उठल्यावर राखणीला हा एकच नियम उरला.

करायचं काय ते असं. एक शेअरसुद्धा पुरतो. सभेची सूचना निदान २१ दिवस आधी ईमेलवर येते, तिच्यातलं स्पष्टीकरणात्मक निवेदन वाचा : दर, मुदत, बदल्यात काय मिळणार, तुलना कोणाशी केली. प्रश्न लेखी पाठवा आणि सूचनेतल्या तारखेच्या आत वक्ता म्हणून नाव नोंदवा, आयत्या वेळी बोलू देत नाहीत. शेअर कट-ऑफ तारखेला डीमॅटमध्ये हवा. ती तारीख सभेच्या आधीच्या सात दिवसांत असते. ई-मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींच्या पोर्टलवर प्रत्येक ठरावाला वेगळं बटण असतं, "सर्वांना मान्य" वर टिचकी मारली की रॉयल्टीचा ठरावही त्यात जातो. दिलेलं मत बदलता येत नाही.